दिवसाला सोळाशे

भोसरी किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम वर्कशॉपमध्ये व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरच्या, काचेतून आत डोकावलं, तर तिथल्या ऑपरेटरचं ज्याकडे कधी लक्ष जात नाही असा एक प्रकार बघायला मिळतो. ड्रिल भोक पाडून वर येतं, स्पिंडल थांबतो, बाजूच्या मॅगझिनमधून एक पॉट खाली झुकतो, दोन्ही टोकांना पंजे असलेला आर्म गर्रकन फिरतो आणि ड्रिलच्या जागी टॅप बसलेला असतो. दीड-दोन सेकंदांचा कारभार. ऑटोमॅटिक टूल चेंजर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘एटीसी’. त्याची आठवण होते ती आर्म मध्येच अडकला की. मग पाळी संपेपर्यंत एकच सूर ऐकू येतो: या एटीसीने डोकं उठवलंय.

खरंच उठवलंय का, ते हिशेब मांडूनच बघू.

आठ टूल लागणारा, सहा मिनिटांच्या सायकलचा एक जॉब घ्या. तासाला दहा जॉब, म्हणजे ऐंशी टूल चेंज. जेवण, सेटिंग, तपासणी यांचा वेळ वजा करून मशीन दिवसाला वीस तास चाललं, तर १,६००. साप्ताहिक सुट्ट्या आणि सणवार काढून वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ४,८०,०००. दहा वर्षांत ४८ लाख. चाळीस मशीन असलेल्या कारखान्यात हाच आकडा वर्षाला १ कोटी ९२ लाखांवर जातो. आणि हा जॉब काही फार अवघड नाही. गिअरबॉक्सच्या हाउसिंगला किंवा सिलिंडर हेडला यापेक्षा बरीच जास्त टूल लागतात.

आता वजन. बीटी-४० टेपरच्या मशीनमध्ये एका टूलचं वजन सहसा सात-आठ किलोंपर्यंत चालतं. आपण सरासरी चार किलो धरू. प्रत्येक चेंजमध्ये आर्म दोन टूल उचलतो, एक काढायचं आणि एक बसवायचं. आठ किलो गुणिले १,६००, म्हणजे दिवसाला १२,८०० किलो. पावणेतेरा टन. वर्षाला ३,८४० टन पोलाद तो उचलतो, अर्धा फेरा फिरवतो आणि मायक्रॉनच्या हिशेबात जागेवर बसवतो. एवढं करून तो वर्षातून पाच वेळा अडकला, तर मेंटेनन्सच्या वहीत त्याच्या नावापुढे लाल शेरा पडतो.

टूल बदलण्यासाठी वेगळी यंत्रणा असावी ही कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेत एमआयटीने आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं ते १९५२ मध्ये, पण त्यातलं टूल माणूसच बदलत होता. मिलवॉकीच्या कीर्नी अँड ट्रेकर कंपनीने १९५८च्या सुमारास ‘मिलवॉकी-मॅटिक’ आणलं आणि मशीनला स्वतःचं टूल स्वतः बदलता येऊ लागलं. मशीनिंग सेंटर नावाची जात तिथून सुरू झाली. तेव्हापासून धडपड एकच, चेंजचा वेळ कमी करण्याची. छोट्या, बीटी-३० टेपरच्या ड्रिल-टॅप मशीनमध्ये आज एका सेकंदाच्या आत टूल बदलतं.

एवढी घाई कशासाठी, याचंही गणित आहे. एका टूलचं कटिंग थांबून पुढच्याचं सुरू होईपर्यंत चार सेकंद गेले असं धरा. चार गुणिले १,६००, म्हणजे दिवसाला पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ मशीन चिप पाडतच नाही. वर्षाला ५३३ तास. त्यातला एक सेकंद वाचवला तरी वर्षाला १३३ तास हाती लागतात. मशीन विकणाऱ्याच्या पत्रकात टूल चेंजचा वेळ ठळक अक्षरांत का असतो, ते यावरून कळावं. तो आर्म किती लाख चेंज टिकेल हा आकडा मात्र त्या पत्रकात शोधूनही सापडत नाही.

वाचवलेल्या सेकंदाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. आर्मच्या मध्यापासून पंजापर्यंत ३५ सेंटिमीटर अंतर आहे आणि १८० अंशांचा फेरा अर्ध्या सेकंदात होतो असं धरू. आर्म एकसारख्या वेगाने फिरत नाही. कॅम त्याला हळू उचलतो, मध्ये पळवतो, शेवटी हळू टेकवतो. त्यामुळे मधल्या क्षणी वेग सरासरीच्या जवळजवळ पावणेदोन पट होतो. त्या क्षणी सात किलोचं टूल सुमारे तीस किलोच्या ओढीने बाहेर निसटायला बघतं आणि त्याची गती ताशी १४ किलोमीटरच्या घरात असते. त्याला धरून ठेवतात ते पंजातलं एक बोट आणि त्यामागची बोटभर लांबीची लॉक पिन. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. फेरा दहा टक्के जास्त वेगाने मारला तर ओढ २१ टक्के वाढते, निम्म्या वेळात मारला तर चौपट. पॅरामीटरमध्ये एक आकडा बदलून ‘सायकल टाइम कमी केला’ म्हणणारे पंजाच्या बोटांना विचारत नाहीत.

आता खरी गंमत. बाहेरून एक झटका वाटणारा टूल चेंज आतून बऱ्याच टप्प्यांचा असतो. स्पिंडल ठरलेल्या कोनातच थांबला पाहिजे, नाहीतर त्याच्या तोंडाशी असलेल्या दोन चाव्या टूलच्या खाचेत बसणार नाहीत. झेड अक्ष चेंजच्या उंचीवर पोचला पाहिजे. मॅगझिनने हवा तो पॉट पुढे आणला पाहिजे, तो पॉट नव्वद अंशांत खाली आला पाहिजे, आर्मने दोन्ही टूल पकडली पाहिजेत, स्पिंडलने आपलं टूल सोडलं पाहिजे, मग आर्म खाली, अर्धा फेरा, पुन्हा वर. स्पिंडलने नवं टूल घट्ट धरलं पाहिजे, आर्म घरी गेला पाहिजे, पॉट वर गेला पाहिजे, आणि कुठलं टूल कुठे गेलं याची नोंद कंट्रोलच्या तक्त्यात झाली पाहिजे. ढोबळमानाने बारा टप्पे. बहुतेक टप्प्यांनंतर एखादा सेन्सर ‘झालं’ म्हणतो, तेव्हाच पुढचं पाऊल पडतं. एकाचं ‘झालं’ आलं नाही, तर काम प्रत्यक्षात झालेलं असलं तरी सगळं जागच्या जागी थांबतं.

बारा गुणिले १,६००, म्हणजे एका मशीनमध्ये दिवसाला १९,२०० पावलं. प्रत्येक पाऊल ९९.९ टक्के भरवशाचं आहे असं धरा. रोजच्या व्यवहारात ९९.९ म्हणजे उत्तमच. इतका वेळेवर येणारा दूधवाला मिळाला तर आपण त्याला दिवाळीला पोशाख देऊ. पण १९,२०० पावलांना हजारात एक चूक म्हणजे दिवसाला एकोणीस अडकणं. असलं मशीन कुणी फुकट दिलं तरी ठेवून घेणार नाही. भरवशात आणखी एक नऊ जोडून ९९.९९ केलं, तर दिवसाला दोन. पाच नऊ झाले, म्हणजे लाखात एक चूक, तर पाच दिवसांनी एकदा. सहा नऊ, म्हणजे दहा लाखांत एक, तर बावन्न दिवसांनी. आणि वर्षात सरासरी एकदाच अडकावं अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक पाऊल साठ लाखांत एकदाच चुकलं पाहिजे. मालक मशीन घेताना सहज म्हणतो, ‘वर्षभर बघायला नको.’ त्या वाक्यात इतके नऊ दडलेले असतात.

साखळीतल्या प्रत्येक दुव्याचा भरवसा एकमेकांशी गुणायचा असतो, हा नियम रॉबर्ट लुसर या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-१ या उडत्या बॉम्बच्या रचनेत तो होता आणि युद्धानंतर अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या भरवशाचा हिशेब करत होता. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याइतकी पक्की असते, ही आपली समजूत या गुणाकारापुढे टिकत नाही. सगळे दुवे सारखेच पक्के असले, तरी नुसत्या त्यांच्या संख्येमुळे साखळी प्रत्येक दुव्यापेक्षा कच्ची होते.

गुणवत्तेच्या सेमिनारमध्ये ज्याचा जप चालतो ते ‘सिक्स सिग्मा’ म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका. एटीसीचं प्रत्येक पाऊल सिक्स सिग्मा दर्जाचं आहे असं मान्य केलं, तर एक मशीन दर पंधरा दिवसांनी अडकेल, वर्षात सुमारे वीस वेळा. चाळीस मशीनच्या कारखान्यात वर्षाला ७८० वेळा, रोज दोन-तीन. असा कारखाना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून एटीसीच्या नावाने बोटं मोडत बसेल. बरी चाललेली एटीसी यापेक्षा कितीतरी कमी अडकतात. म्हणजे ज्या यंत्रणेला आपण डोकेदुखी म्हणतो, तिची एकेक हालचाल सिक्स सिग्माच्या पुढे गेलेली असते. मला हा हिशेब पहिल्यांदा मांडल्यापासून ‘सिक्स सिग्मा’ शब्दाचा दरारा थोडा कमीच वाटतो.

अर्थात बारा पावलं एकमेकांशी संबंध नसल्यासारखी चुकतात हे गृहीत सोयीचं आहे, खरं नाही. पॉट खाली आणणारा सिलिंडर आणि टूल सोडवणारा बूस्टर, दोघेही एकाच कॉम्प्रेसरच्या हवेवर जगतात. सहा बारची हवा साडेचारवर आली की दोन्ही एकदम आळसावतात. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. पावसाळ्यात शुक्रवारच्या पहिल्या पाळीला मशीन चालू केलं, की पाइपात साचलेलं पाणी आधी व्हॉल्व्हमध्ये येतं. त्या सकाळी चार मशीन एकदम ‘पॉट डाउन’चा अलार्म देतात, तेव्हा चार एटीसी बिघडलेली नसतात. ड्रायरचा निचरा तुंबलेला असतो. यंत्रांच्या सुरक्षा-प्रणालींसाठीच्या आयएसओ १३८४९ मानकात नीट निगा राखलेल्या हवेच्या व्हॉल्व्हसारख्या भागांसाठी २ कोटी फेऱ्यांचा आकडा धरतात, तोवर शंभरातले दहा भाग घातक रीतीने बिघडतील असा त्याचा अर्थ. आपल्या ४ लाख ८० हजारांच्या वेगाने तिथे पोचायला जवळजवळ बेचाळीस वर्षं लागतील. वर्कशॉपमध्ये तोच व्हॉल्व्ह दोन वर्षांत चिकटतो, तो फेऱ्यांमुळे नाही. पाण्यामुळे आणि तेलाच्या चिकट्यामुळे.

अडकण्याची बरीच प्रकरणं अशीच किरकोळ निघतात. पॉट खाली आला की नाही हे सांगणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर अंगठ्याएवढा असतो आणि समोर दोन-चार मिलिमीटरवर लोखंड आलं की पेटतो. समोर आलेलं लोखंड पॉटचं आहे की कुठून उडून चिकटलेल्या चिपचं, हे त्याला कळत नाही. कोल्हापूर भागात बिडाच्या कास्टिंगचं काम भरपूर. बिडाची चिप कुरळी पडत नाही, तिचा कीस होतो, तो कूलंटमध्ये कालवला जातो आणि सेन्सरच्या तोंडावर काळा थर धरतो. मग पॉट वर असताना सेन्सर ‘खाली आहे’ सांगतो, आणि कंट्रोल दोन परस्परविरोधी साक्षी ऐकून मशीन थांबवतो. तुटलेलं काहीच नसतं. फडकं फिरवलं की चालू.

जे खरंच झिजतं, थकतं, ते लपून असतं. स्पिंडलच्या पोटात ड्रॉबार असतो. तो टूलच्या मागच्या पुल स्टडला बोटांनी पकडून वर ओढून धरतो, आणि त्याला ओढतात एकावर एक रचलेल्या कित्येक डझन डिस्क स्प्रिंग. बीटी-४० मशीनमध्ये ही ओढ साधारण एक टन. प्रत्येक टूल चेंजला हा स्प्रिंगांचा सबंध डोलारा एकदा दाबला जातो, एकदा सुटतो. डिस्क स्प्रिंगच्या जर्मन मानकात २० लाख फेऱ्या न तुटता काढलेली स्प्रिंग थकव्याच्या पलीकडे गेली असं धरतात. तेवढी मजल मारेल असा ताण ठेवून ती निवडायची असते. आपलं मशीन २० लाखांचा टप्पा चार वर्षं आणि दोन महिन्यांत गाठतं. त्याच्या आधी किंवा नंतर एखादी स्प्रिंग तडकली, तरी बाकीच्या ओढतच राहतात. अलार्म येत नाही. ओढ एक टनावरून नऊशे किलो, मग आठशे. सरफेसवर रेघा दिसू लागतात, टेपरवर तांबूस डाग येतात, ऑपरेटर फीड थोडं कमी करतो. ड्रॉबारची ओढ मोजणारा गेज वापरून पाच मिनिटांत हे कळतं. कित्येक ठिकाणी तो कपाटात पेटीबंद असतो.

त्याहून लबाड बिघाड म्हणजे टेपरमध्ये अडकलेली चिप. टूल बदलताना स्पिंडलमधून हवेचा झोत सुटतो तो याच कामासाठी, तरी एखादा कण राहतोच. बीटी-४०च्या टेपरची लांबी ६५.४ मिलिमीटर. त्याच्या मागच्या, निमुळत्या टोकाशी दहा मायक्रॉन जाडीचा कण अडकला असं समजा. टूल तेवढ्याने तिरकं बसतं. टेपरच्या तोंडापासून दीडशे मिलिमीटर पुढे असलेलं बोरिंग बारचं टोक सुमारे २३ मायक्रॉन सरकतं. वाईटात वाईट दिशेला सरकलं तर भोक ४६ मायक्रॉन मोठं होतं. तीस मिलिमीटरच्या भोकाला एच-७ टॉलरन्स असेल, तर एकूण मुभाच २१ मायक्रॉनची. जॉब स्क्रॅप. टूल चेंज झाला, सगळे सेन्सर हो म्हणाले, हिरवा दिवा लागला. अडकण्याच्या नोंदीत हा बिघाड कधीच येत नाही. तो येतो क्वालिटीच्या नोंदीत, आणि तिथे त्याचं नाव असतं ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’.

बिघाडांची क्रमवारी लावायला कारखान्यात एफएमईए नावाचा तक्ता भरतात. मूळ अमेरिकन लष्कराचा, १९४९चा. गांभीर्य, वारंवारता आणि पकडला न जाण्याची शक्यता यांना एक ते दहा गुण देऊन गुणाकार करायचा. आर्म अडकला तर दिवा लागतो, सगळ्यांना कळतं, म्हणून सात गुणिले चार गुणिले दोन, छप्पन्न. टेपरमधली चिप कुणालाच दिसत नाही, म्हणून सात गुणिले चार गुणिले नऊ, २५२. न ओरडणारा बिघाड साडेचार पट वरच्या नंबरावर. तक्त्याला नावं ठेवणारे म्हणतात की एक ते हजारपर्यंतच्या या मोजपट्टीवर प्रत्यक्षात येऊ शकणारे आकडे फक्त १२० आहेत, आणि ते खरं आहे. पण एवढ्या एका प्रश्नापुरता तो तक्ता बरोबर उत्तर देतो.

आर्म अडकल्यानंतरचं काम जवळून बघण्यासारखं असतं. मेंटेनन्सवाला एटीसीच्या मोटरचं झाकण काढतो, ब्रेक सोडवतो आणि मोटरच्या शाफ्टला पाना लावून हाताने फिरवू लागतो. दुसरा माणूस कंट्रोलच्या डायग्नोस्टिक पानावर कुठला शून्य एक होतो ते ओरडून सांगतो. पान्याच्या कितीतरी फेऱ्यांनी आर्म बोटभर हलतो. टूल कुणी हाताने धरून ठेवतो, कारण या क्षणी स्पिंडलने सोडलेलं आणि पंजाने अर्धवट पकडलेलं असू शकतं. अर्ध्या तासात आर्म घरी जातो. इथे सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि इथेच सर्वांत मोठा धोका असतो, कारण तक्ता जुळवायचा राहिलेला असतो.

दोन पंजांच्या एटीसीमध्ये टूल आपल्या मूळ पॉटमध्ये परत जात नाही. जे नवं टूल आलं त्याच्या रिकाम्या पॉटमध्ये जुनं जाऊन बसतं. दिवसभरात चोवीस टूल चोवीस पॉटमध्ये पत्त्यांसारखी पिसली जातात, आणि कुठलं कुठे आहे हे फक्त कंट्रोलच्या तक्त्याला ठाऊक असतं. चोवीस टूल चोवीस पॉटमध्ये किती प्रकारे बसू शकतात? ६२०४४८४०१७३३२३९४३९३६००००. चोवीस आकडी संख्या. बारा ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू असतात, त्यापेक्षाही थोडी जास्त. एवढ्या मांडण्यांपैकी या क्षणी बरोबर एकच. चेंज अर्ध्यात अडकला आणि हाताने सोडवला, की प्रत्यक्षात दोन टूलची अदलाबदल झालेली असते आणि तक्त्यात नसते, किंवा उलट. सुदैवाने गोंधळ दोनच टूलचा असल्यामुळे शक्यता २७६ जोड्यांपुरत्या उरतात, आणि स्पिंडलमध्ये कुठलं टूल आहे हे डोळ्यांनी बघितलं तर एकच. ते न बघता सायकल स्टार्ट दाबलं, तर मशीनला वाटतं आपल्या हातात ८० मिलिमीटर लांबीचा ड्रिल आहे, आणि असतो २०० मिलिमीटरचा बोरिंग बार. तो रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, जॉबवर उतरतो. एटीसीचा अलार्म अर्ध्या तासाचा, स्पिंडलची दुरुस्ती तीन आठवड्यांची.

तर मग एटीसी किती भरवशाचं, हे सिद्ध कसं करायचं? दहा लाख चेंजमध्ये एकदाच अडकतं असा दावा करणाऱ्याला विचारा, किती चेंज करून बघितले. संख्याशास्त्रात याला तिनाचा नियम लागतो. एकही चूक न होता जितक्या चाचण्या झाल्या, त्या संख्येने तिनाला भागलं, की ९५ टक्के खात्रीने सांगता येणारी चुकीची कमाल मर्यादा मिळते. दहा लाखांत एक म्हणायचं असेल तर ३० लाख चेंज विनाचूक झाले पाहिजेत. चाचणीच्या बाकावर दर सहा सेकंदांनी एक चेंज, रात्रंदिवस, तरी २०८ दिवस. मध्ये एकदा अडकलं, की तीस लाखांचे सत्तेचाळीस लाख करावे लागतात. मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल साठ लाखांत एक चूक असं कौतुकाने सांगतात. कोविडपूर्वीचे दोन लाख डबे जाऊन-येऊन रोज चार लाख फेऱ्या करत असे धरले, तर तो दावा पंधरा दिवसांत एक डबा चुकण्याचा होतो. तो तपासायचा, तर पंचेचाळीस दिवस सगळ्या मुंबईत एकही डबा चुकला नाही हे कुणीतरी मोजून दाखवायला हवं. कौतुक खरं असेलही. मोजदाद ही वेगळी गोष्ट.

सरासरीही फसवी असते. ‘या एटीसीत दोन बिघाडांमध्ये सरासरी पाच लाख चेंज’ असं कुणी सांगितलं, तर आपण समजतो की पाच लाखांपर्यंत निर्धास्त. योगायोगाने येणाऱ्या बिघाडांचं गणित सांगतं की शंभरातली ६३ एटीसी पाच लाखांच्या आतच एकदा अडकलेली असतील. दहा लाख विनातक्रार काढणारी तेरा-चौदाच. रात्रपाळीत माणूस न ठेवता मशीन चालवायची स्वप्नं बघणाऱ्यांनी याच गणिताने रात्र मोजावी. लाखात एक अडकणं धरलं, आठ तासांत चाळीस मशीनवर २५,६०० चेंज झाले, तर एकही न अडकता रात्र जाण्याची शक्यता ७७ टक्के. जवळजवळ दर चौथ्या-पाचव्या रात्री कुठलं ना कुठलं मशीन दोन वाजता थांबणार आणि सकाळी सातपर्यंत तसंच उभं राहणार.

बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी १९५१ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरतात. त्यातला एक आकडा एकाच्या खाली असेल तर बिघाड नवेपणाचे, बसवण्या-जुळवण्यातले. एकाच्या आसपास असेल तर योगायोगाचे. एकाच्या वर गेला की झीज सुरू. १९८२ मध्ये केलर, कामथ आणि परेरा यांनी सुमारे ३५ सीएनसी मशीनचे तीन वर्षांतले बिघाड असेच मांडून बघितले. ते काम आजही या विषयात उद्धृत होतं. पण हे सूत्र लावायचं तर प्रत्येक बिघाडापुढे एक आकडा हवा: हा कितव्या चेंजला झाला?

आणि तो आकडा कुठेच नसतो. मेंटेनन्सची वही उघडा. तारीख, वेळ, मशीन नंबर, ‘एटीसी प्रॉब्लेम’, आणि पुढे ‘ओके केले’. चाळीस मशीनचा कारखाना रोज ६४,००० चेंज करतो. चाचणीच्या बाकाला २०८ दिवस लागतात ते ३० लाख चेंज इथे सत्तेचाळीस दिवसांत होतात. मशीन बनवणाऱ्याला स्वप्नातही परवडणार नाही एवढी मोठी प्रयोगशाळा शिरोलीतल्या शेडमध्ये रात्रंदिवस चालू असते, आणि तिच्या वहीत अंश लिहिलेला असतो, छेद नसतो.

छेद मिळवणं अवघड नाही. बऱ्याच मशीनमध्ये एम-सिक्स, म्हणजे टूल बदलायची आज्ञा, दिली की मागे एक छोटा मॅक्रो प्रोग्रॅम चालतो. त्यात एका ओळीची भर घालायची: वीज गेली तरी पुसला न जाणारा एक व्हेरिएबल घ्या आणि दर चेंजला त्यात एक मिळवा. खर्च शून्य. अडकल्यावर वहीत तारखेशेजारी तो आकडा आणि नक्की कुठल्या टप्प्यावर थांबलं ते लिहायचं.

शेजारी शेजारी उभी दोन मशीन घ्या, एकाच महिन्यात आलेली. पहिल्यावर तीन टूलचा, नऊ मिनिटांचा जॉब चालतो: दिवसाला ४०० चेंज. दुसऱ्यावर सोळा टूलचा, सहा मिनिटांचा: ३,२००. सहा महिन्यांत पहिल्याचे ६०,००० होतात, दुसऱ्याचे ४ लाख ८० हजार. डिस्क स्प्रिंगचा २० लाखांचा टप्पा दुसरं मशीन दोन वर्षं आणि एका महिन्यात गाठतं, पहिल्याला जवळजवळ सतरा वर्षं लागतात. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या तक्त्यात मात्र दोघांची एटीसी तपासणी सहा महिन्यांनी, एकाच दिवशी, एकाच माणसाकडून. पहिल्याचे ठणठणीत पंजे उगाच उघडले जातात आणि दुसऱ्याचे पाच लाखांच्या जवळ गेल्यावर पहिल्यांदा कुणाच्या नजरेस पडतात.